शेंगदाणा तेलाच्या मायक्रोकॅप्सूल: जिलेटिन-डिंकाची भिंत नीट बसवायची कशी

दरवर्षी डिसेंबर-जानेवारी आला की प्रोजेक्टवाली मुलं लॅबमध्ये येतात आणि तीच तक्रार सांगतात, की मॅडम रिसर्च पेपरमध्ये दिलंय तसंच केलं पण कॅप्सूल झाल्याच नाहीत, नुसता चिकट गोळा झाला. मग मी विचारते जिलेटिन कुठलं, डिंक कुठून आणला, पीएच कितीला थांबवला, मायक्रोस्कोपखाली कधी बघितलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, सगळं झाल्यावर बघितलं. तिथेच गाडं अडतं. मायक्रोकॅप्सूल म्हणजे भोवती भिंत असलेला तेलाचा बारीक थेंब, आणि ती भिंत बसली की नाही हे प्रत्येक टप्प्याला डोळ्यांनी बघायचं असतं आणि बसली नसेल तर पुढचा टप्पा सुरूच करायचा नसतो. हा लेख त्यासाठीच लिहिलाय.

पद्धत आहे कॉम्प्लेक्स कोअॅसर्वेशन. जिलेटिनवर धन चार्ज, डिंकावर ऋण चार्ज, पीएच योग्य जागी आणला की दोघं एकमेकांना धरतात आणि पाण्यातून वेगळे होऊन पातळ मधासारखा द्रव थर (कोअॅसर्वेट) तयार होतो, तो तेलाच्या थेंबावर चढतो, थंड केला की गोठतो आणि शेवटी केमिकलने पक्का करतात. एवढी थिअरी पुरे, बाकी सगळं हातातलं काम आहे.

पहिली बॅच साध्या शेंगदाणा तेलाची करा. गवती चहाचं किंवा दालचिनीचं तेल घेऊन लगेच सुरुवात करू नका. या दोन्ही तेलांत अल्डिहाइड भरपूर असतात आणि ते जिलेटिनशी आपणहून रिअॅक्ट होतात, म्हणजे भिंत बसायच्या आधीच जिलेटिन आळायला लागतं आणि नेमकं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळत नाही. शेंगदाणा तेल उडून जात नाही, महाग नाही, हाताळायला सोपं. त्यात तेलात विरघळणारा लाल रंग, म्हणजे सुदान थ्री, चिमूटभर टाकला की मायक्रोस्कोपखाली तेल कुठे आहे आणि भिंत कुठे आहे ते लगेच ओळखू येतं. मात्र सुदान टाकलेलं काहीही खायचं नाही आणि ती बाटली स्वयंपाकाच्या तेलाजवळ ठेवायची नाही.

## टप्पा १: सामान, आणि सामानातच होणाऱ्या चुका

अर्ध्याहून जास्त बॅचेस इथेच बिघडतात म्हणून हा भाग घाईत वाचू नका.

जिलेटिन: दोन जाती आहेत, टाईप ए आणि टाईप बी. टाईप ए आम्लाच्या प्रक्रियेने करतात आणि त्याचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण चार्ज शून्य होतो तो) साधारण ७ ते ९ च्या मध्ये असतो. टाईप बी चुन्याच्या प्रक्रियेने करतात आणि त्याचा पॉइंट ५ च्या आसपास. बाहेरच्या पेपरमध्ये बहुतेक वेळा डुकराच्या कातडीचं टाईप ए वापरलेलं असतं आणि आपल्या बाजारात हाडांपासून केलेलं टाईप बी सहज मिळतं, त्यामुळे पेपरमधला पीएच जसाच्या तसा उचलला की फसतो. टाईप बी वर पुरेसा धन चार्ज यायला पीएच आणखी खाली न्यावा लागतो. डब्यावर जात लिहिलेली नसेल तर दुकानदाराकडे सर्टिफिकेट मागा. ब्लूम नंबर (जिलेटिन किती घट्ट गोठतं त्याचं माप) २०० च्या वर असलेलं घ्या, कमी ब्लूमचं नीट गोठत नाही. आणि चायना ग्रास म्हणजे जिलेटिन नाही. ते अगर आहे, समुद्री शेवाळाचं, त्यावर धन चार्ज येतच नाही. 'व्हेज जिलेटिन' म्हणून ते आणलेल्या दोन ग्रुपचा अख्खा आठवडा गेलेला मी बघितलाय.

डिंक: किराणा दुकानातला लाडवाचा डिंक चालणार नाही. त्यात बाभळीचा, धावड्याचा आणि आणखी कसला कसला डिंक मिसळलेला असतो. धावड्याच्या डिंकाचं द्रावण खूप चिकट होतं आणि त्याचं गणितच वेगळं आहे, डिंक कतिरा तर पाण्यात फुगतो, विरघळत नाही. लॅब ग्रेड किंवा फूड ग्रेड गम अकेशिया पावडर घ्या. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला किंवा कुठल्याही लॅब केमिकलवाल्याकडे मिळते.

पाणी: डिस्टिल्ड. बोअरचं नाही, आरओचंही शक्यतो नाही. पाण्यातले क्षार दोन्ही पॉलिमरचे चार्ज झाकून टाकतात, मग ते एकमेकांना ओढतच नाहीत. सगळं बरोबर करूनही द्रावण दुधासारखं पांढरं होतच नाही अशी तक्रार आली की मी आधी पाण्याचा कॅन बघते.

एका बॅचसाठी आणि टप्पा ३ च्या रंगीत तालमीसाठी मिळून:

- जिलेटिन ६ ग्रॅम
- गम अकेशिया ६ ग्रॅम
- शेंगदाणा तेल ६ ग्रॅम, वजन करून, मापाने नको
- डिस्टिल्ड पाणी १ लिटर, धुवायला आणखी २ लिटर
- १० टक्के अॅसेटिक अॅसिड, ५० मिली
- अगदी पातळ कॉस्टिक सोड्याचं द्रावण, थोडंसं
- ग्लुटराल्डिहाइड (भिंत पक्की करणारं केमिकल) २५ टक्के, फक्त दीड मिली पुरतं
- बर्फ, भरपूर

उपकरणं: वरून फिरणारा ओव्हरहेड स्टरर, ६०० मिली बीकर, वॉटर बाथ, पीएच मीटर, थर्मामीटर, ड्रॉपर, मायक्रोस्कोप. मॅग्नेटिक स्टररवर ही बॅच करू नका. त्याचा मासा, म्हणजे चुंबकाची छोटी कांडी, तळाशी फिरतो आणि तेल वर तरंगत राहतं, थोडं थंड झालं की घट्ट होऊन मासा अडकतो आणि नेमकं नको त्या क्षणी ढवळणं बंद पडतं.

तपासणी: पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरने त्याच दिवशी कॅलिब्रेट केलाय का? जिलेटिन आणि तेल दोन्ही इलेक्ट्रोडच्या बल्बवर चढतात, त्यामुळे प्रत्येक रीडिंगनंतर कोमट डिस्टिल्ड पाण्याने धुवायचा. कालचा कॅलिब्रेशन चालेल असं समजू नका, ०.२ चा फरकसुद्धा इथे बॅच घालवतो.

## टप्पा २: दोन्ही द्रावणं

डिंकाचं द्रावण आदल्या संध्याकाळी करा. २०० मिली पाणी ढवळत ठेवायचं आणि त्यात ६ ग्रॅम पावडर चिमटीने भुरभुरत टाकायची. पावडरवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात, बाहेरून चिकट आत कोरड्या, आणि त्या तासभर ढवळूनही फुटत नाहीत. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी मलमलच्या कापडातून गाळा. तळाशी सालीचे तुकडे, वाळूचे कण राहिलेले दिसतील.

जिलेटिन त्याच दिवशी सकाळी. २०० मिली थंड पाण्यात ६ ग्रॅम टाकून अर्धा तास नुसतं फुगू द्यायचं, ढवळायचं नाही, मग ५० अंशाच्या बाथमध्ये ठेवून हळूहळू विरघळवायचं. थेट गरम पाण्यात टाकलं की त्याच्याही गुठळ्या होतात. ६० अंशाच्या वर नेऊ नका आणि तासन्तास गरम ठेवू नका, लांब साखळ्या तुटतात आणि नंतर थंड केल्यावर भिंत लिबलिबीत राहते. वर फेस आला तर चमच्याने काढून टाका, कारण हवेचे बुडबुडे मायक्रोस्कोपखाली हुबेहूब कॅप्सूलसारखे दिसतात.

दोन्ही द्रावणं ४५ अंशाला आणा आणि पातळ कॉस्टिकचे एकदोन थेंब टाकून दोघांचा पीएच साडेसहाच्या आसपास करून घ्या. हे बरेच जण वगळतात. डिंकाचं द्रावण मुळात आम्लच असतं, ते तसंच जिलेटिनमध्ये ओतलं तर ओतल्या ओतल्या कोअॅसर्वेशन सुरू होतं आणि सगळं हाताबाहेर जातं.

## टप्पा ३: रंगीत तालीम, तेलाशिवाय

हा टप्पा कुठल्याही पेपरमध्ये वेगळा लिहिलेला नसतो पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. कारण असं आहे की खऱ्या बॅचमध्ये तेलाचं इमल्शन (पाण्यात पसरलेले तेलाचे बारीक थेंब) आधीच दुधासारखं पांढरं असतं, त्यामुळे कोअॅसर्वेशन सुरू झालं की नाही ते बीकरकडे बघून कळूच शकत नाही, आणि मुलं अंदाजाने अॅसिड टाकत राहतात.

म्हणून पाच छोटे बीकर घ्या. प्रत्येकात १० मिली जिलेटिन, १० मिली डिंक आणि २० मिली कोमट पाणी. ४५ अंशाच्या बाथमध्ये ठेवून अॅसेटिक अॅसिडने एकेकाचा पीएच ४.६, ४.४, ४.२, ४.० आणि ३.८ करा. आधी फिकट निळसर धुरकट दिसेल, मग दूध. मग न हलवता अर्धा तास तसेच बाथमध्ये ठेवा आणि काय होतं ते बघा.

ज्या बीकरमध्ये तळाशी पातळ मधासारखा थर स्वच्छ वेगळा झालाय आणि वरचं पाणी जवळजवळ नितळ आहे, तो तुमचा पीएच. वरचं पाणी अजून गढूळ असेल तर दोघांपैकी एक पॉलिमर पाण्यातच शिल्लक आहे. तळाशी थराऐवजी दोऱ्यासारखे, दह्याच्या चोथ्यासारखे तुकडे दिसले तर ते कोअॅसर्वेट नाही, साका आहे, तो थेंबावर चढत नाही. टाईप ए ला बहुतेक वेळा ४.० ते ४.४ च्या मध्ये उत्तर मिळतं. टाईप बी असेल तर ३.६ चा सहावा बीकर लावा.

तपासणी: तळाचा थर काचेच्या कांडीने हलवला की परत दुधासारखा पसरतो का? पसरला पाहिजे. कांडीला रबरासारखा चिकटून आला तर पीएच किंवा तापमान चुकलंय.

मिळालेला आकडा वहीत लिहा, डब्याच्या बॅच नंबरसकट. नवीन डबा उघडला की तालीम परत करायची.

## टप्पा ४: तेलाचं इमल्शन

१०० मिली जिलेटिन द्रावण ६०० मिली बीकरमध्ये, ४५ अंशाला. तेलही त्याच बाथमध्ये ठेवून कोमट केलेलं असावं, गार तेल टाकलं की थेंब मोठे राहतात. स्टररचं पातं बीकरच्या मधोमध नको, जरा एका बाजूला आणि द्रवाच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवा, नाहीतर भोवरा पडतो आणि हवा आत ओढली जाते.

८०० ते १००० आरपीएमवर ढवळत तेल बारीक धारेने सोडा आणि दहा मिनिटं तसंच चालू ठेवा. मग एक थेंब स्लाइडवर. तुमचा थेंब किती मायक्रॉनचा येईल ते पात्यावर, बीकरवर सगळ्यावर अवलंबून असतं म्हणून आरपीएमच्या आकड्याला चिकटून बसू नका, थेंब मोजा. पहिल्या बॅचला ५० ते १५० मायक्रॉन चांगले, भिंत सहज दिसते. होमोजिनायझर असेल तर तो लगेच वापरायचा मोह होतो, पण ५ मायक्रॉनच्या थेंबाभोवतीची भिंत कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर धड दिसत नाही आणि मग बसली की नाही यावर नुसते वाद होतात.

सावधान: इमल्शन टिकावं म्हणून ट्वीन किंवा दुसरा कुठला साबण टाकू नका. तो थेंबाचा पृष्ठभाग अडवून बसतो आणि कोअॅसर्वेटला तिथे जागाच मिळत नाही. जिलेटिन स्वतःच पुरेसं इमल्सिफायर आहे.

हवेचा बुडबुडा आणि तेलाचा थेंब यातला फरक इथेच डोळ्यात बसवून घ्या. बुडबुड्याची कड जाड आणि काळीकुट्ट असते, मध्ये नुसता प्रकाश. तेलाच्या थेंबाची कड बारीक आणि सुदान टाकलं असेल तर आत गुलाबी छटा.

## टप्पा ५: डिंक, पाणी, आणि मग अॅसिड. याच क्रमाने

स्टरर ३५० ते ४०० आरपीएमवर आणा. १०० मिली कोमट डिंकाचं द्रावण हळूहळू ओता, नंतर ४५ अंशाचं २०० मिली पाणी. पाणी वाचवू नका. घट्ट द्रावणात कोअॅसर्वेट थेंबावर चढण्याऐवजी आपसातच गोळा होतो आणि द्राक्षाच्या घडासारख्या कॅप्सूल मिळतात.

आता अॅसिड. ड्रॉपरने, पाच ते दहा सेकंदाला एक थेंब, पात्याजवळ जिथे ढवळणं जोरात आहे तिथे. घाई केली की अॅसिड पडतं त्या जागी क्षणभर पीएच एकदम खाली जातो आणि तिथल्या तिथे साका तयार होतो, बाकी बीकर मात्र अजून ५ वरच असतो. पीएच ५ नंतर दर ०.२ ला थांबा, दोन मिनिटं जाऊ द्या, स्लाइड बघा.

स्लाइडवर काय दिसायला हवं ते नीट सांगते, कारण इथेच सगळं ठरतं. आधी गुलाबी थेंब आणि बाजूला नुसतं पाणी. पीएच ४.८ च्या आसपास पाण्यात बारीक बारीक पारदर्शक ठिपके उगवतात, रंग नसलेले, ते तेल नाही, तो कोअॅसर्वेट. आणखी खाली गेलात की ते ठिपके मोठे होतात, थेंबाजवळ सरकतात, त्याला चिकटतात. एका बाजूला टोपीसारखे बसलेले दिसतील. मग हळूहळू पसरून थेंबाभोवती पूर्ण कडं होतं. गुलाबी गोल, त्याभोवती पारदर्शक वलय, खंडोबाच्या भंडाऱ्यात पडलेल्या पाण्याच्या थेंबाभोवती ओलं कडं उमटतं तसं. हे वलय १० पैकी ८-९ थेंबांना दिसलं की तुमचा पीएच आलाय, मग वहीतला आकडा ०.१ ने इकडे तिकडे असला तरी डोळ्यांचं ऐका.

सावधान: पीएच जास्त खाली गेला म्हणून कॉस्टिक टाकून वर आणायचा, मग परत अॅसिड टाकून खाली, हा खेळ करू नका. प्रत्येक फेरीत मीठ तयार होतं आणि मिठामुळे कोअॅसर्वेशन मार खातं. एकदा सुधारून बघा, दुसऱ्यांदा नाही.

वलय दिसलं की त्याच पीएच आणि त्याच तापमानाला अर्धा तास ढवळत ठेवा. भिंत सारखी व्हायला वेळ लागतो.

## टप्पा ६: थंड करणं

माझी स्वतःची एक मोठी बॅच इथेच गेली. संध्याकाळ झालेली, लॅब बंद करायची होती, म्हणून ४२ अंशावरून बीकर सरळ बर्फात ठेवला. चारपाच मिनिटांत स्टररचा आवाज जड झाला, मग पात्याभोवती पिवळट रबरी लोळा गुंडाळला गेला आणि बाजूला नुसतं पाणी. दोन दिवसांचं काम होतं ते.

झालं काय, तर ३५ ते २५ अंशाच्या मध्ये भिंत ना धड पातळ असते ना धड घट्ट, त्या अवस्थेत ती चिकट असते आणि एकमेकांना भिडलेल्या कॅप्सूल तशाच गोठतात. शिवाय बीकरच्या कडेला आधी गोठतं आणि मध्ये अजून गरम असतं.

म्हणून बाथचा हीटर बंद करा आणि बाथमध्येच थोडं थोडं गार पाणी घालत साधारण मिनिटाला अर्धा अंश असं खाली आणा. ४५ वरून २५ ला यायला ४० मिनिटं लागली पाहिजेत. या काळात स्टरर एक क्षणही बंद होता कामा नये, लोडशेडिंगची वेळ माहीत असेल तर ती बघून सुरुवात करा. २५ च्या खाली गेलात की बर्फ लावायला हरकत नाही, १० अंशाच्या खाली आणून एक तास ठेवा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली तर बऱ्याच बॅचेस वाचतील. ग्लुटराल्डिहाइड टाकेपर्यंत सगळं उलटवता येतं. ३० अंशाला घड व्हायला लागले असं दिसलं तर घाबरू नका, बॅच फेकू नका, परत ४५ ला न्या, अर्धा तास ढवळा, घड सुटतील, मग पुन्हा सावकाश थंड करा. लोळा पूर्ण आवळायच्या आत हे केलं पाहिजे एवढंच.

तपासणी: १० अंशाला स्लाइड बघा. थेंब सुटे, वलय अजून आहे, बाहेर मोकळं तेल नाही. यातलं एक जरी नसेल तर पुढे जाऊ नका, कारण पुढचा टप्पा परतीचा नाही.

## टप्पा ७: भिंत पक्की करणं

ग्लुटराल्डिहाइडचा वास डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, कातडीवर पडलं तर त्रास होतो आणि काही लोकांना त्याने दम्यासारखी अॅलर्जी होते. फ्यूम हुड, नायट्रिल ग्लोव्हज, चष्मा. घरी, किचनमध्ये, गच्चीवर हे करायचं नाही, अजिबात नाही. हुड नसेल तर टॅनिक अॅसिड वापरा, भिंत थोडी कमी पक्की आणि तपकिरी होते पण चालतं. टॅनिकला लोखंडी चमचा लावू नका, सगळं काळं पडतं. खाण्याच्या किंवा अंगाला लावायच्या वस्तूसाठी कॅप्सूल करायच्या असतील तर ग्लुटराल्डिहाइडचा विचारच सोडा, तिथे ट्रान्सग्लुटामिनेज एन्झाइम वापरतात, त्याचा पीएच आणि वेळ वेगळी.

प्रमाण: प्रत्येक ग्रॅम जिलेटिनला २५ टक्के द्रावण साधारण ०.४ मिली. बॅचमध्ये जिलेटिन ३ ग्रॅम आहे म्हणून १.२ मिली. ते १० मिली गार पाण्यात मिसळा आणि थेंब थेंब सोडा, १० अंशालाच, ढवळणं चालू. जास्त टाकलं की जास्त पक्कं होईल असं वाटतं पण होतं उलटं, शेजारशेजारच्या दोन कॅप्सूलच एकमेकींना जोडल्या जातात.

मग रात्रभर हळू ढवळत ठेवा, १२ तास तरी, हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रंग फिकट पिवळसर होतो, ते बरोबर आहे.

भिंत पक्की व्हायच्या आत पीएच वर नेऊ नका. अल्कलीत ग्लुटराल्डिहाइड लवकर काम करतं हे वाचून मुलं लगेच कॉस्टिक टाकतात आणि डोळ्यांदेखत भिंत विरघळते, कारण तिला धरून ठेवणारा चार्जच गेलेला असतो.

तपासणी: २ मिली स्लरी (कॅप्सूल असलेलं पाणी) टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन ५५ अंशाच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. वर तेलाचं लाल कडं आलं तर भिंत अजून कच्ची आहे, आणखी काही तास द्या. कडं आलं नाही आणि स्लाइडवर गोल तसेच आहेत तर झालं.

## टप्पा ८: धुणं आणि वाळवणं

सेपरेटिंग फनेलमध्ये ओतून स्थिर ठेवा. कॅप्सूल खाली बसतील की वर तरंगतील ते भिंतीच्या जाडीवर आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, भिंत जड, त्यामुळे पातळ भिंतीच्या कॅप्सूल सायीसारख्या वर येतात. ती साय म्हणजे फुटलेलं तेल समजून ओतून देणारे मी बघितलेत. आधी स्लाइडवर बघा, मग ठरवा काय टाकायचं. गार डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा धुवा. पहिलं धुवण सिंकमध्ये नको, त्यात सोडियम बायसल्फाइट टाकून ग्लुटराल्डिहाइड मारा, मग टाका.

प्रयोगाला ओली स्लरी चालणार असेल तर वाळवूच नका, खरंच सांगते, ०.१ टक्का सोडियम बेन्झोएट टाकून फ्रिजमध्ये ठेवा. पीएच ४ च्या आसपास असेपर्यंत ते बुरशीला रोखतं.

वाळवायच्याच असतील तर बुकनर फनेलवर हलक्या व्हॅक्यूमने गाळा, पंप पूर्ण लावला की फिल्टर पेपर तेलकट होतो, म्हणजे कॅप्सूल फुटल्या. मग ट्रेमध्ये पातळ पसरून, १ ते २ टक्के बारीक सिलिका पावडर मिसळून, पंख्याखाली ३० अंशाच्या आत. ओव्हन नको. दर तासाला हलक्या हाताने मोकळं करायचं, शेवया वाळत घालताना करतो तसं. पावसाळ्यात, त्यातून कोकणात असाल, तर उघड्यावर वाळणारच नाही, सिलिका जेल भरलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा किंवा ओळखीच्या लॅबमध्ये फ्रीझ ड्रायर मिळतो का बघा.

## टप्पा ९: तेल किती आत गेलं

नुसता फोटो पुरत नाही, आकडा लागतो. २ ग्रॅम कोरडी पावडर घेऊन हेक्झेनने एक मिनिट हलकं धुवा, गाळा, हुडमध्ये हेक्झेन उडवून राहिलेलं तेल मोजा, हे बाहेरचं तेल. दुसऱ्या २ ग्रॅममध्ये भिंत फोडून सगळं तेल काढायचं. गरम पाण्याने पक्की भिंत विरघळत नाही, आणि याच चुकीमुळे लोकांचं एकूण तेल कमी येतं. खलबत्त्यात बारीक करा, मग पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये गरम करून भिंत मोडा आणि थंड झाल्यावर हेक्झेनने तेल ओढून घ्या. आच बंद केल्याशिवाय हेक्झेनची बाटली उघडायची नाही.

समजा एकूण तेल १.१० ग्रॅम आणि बाहेरचं ०.०९ ग्रॅम आलं, तर आतलं १.०१, म्हणजे जवळजवळ ९२ टक्के. हे पावडरमधल्या तेलापैकी. बीकरमध्ये टाकलेल्या ६ ग्रॅमपैकी किती टिकलं हा वेगळा हिशेब आहे, त्यासाठी मिळालेल्या सगळ्या पावडरचं वजन लागतं, रिपोर्टमध्ये दोन्ही वेगवेगळे लिहा, एकाच नावाखाली मिसळू नका.

## बिघडलं तर आधी हे बघा

दूधच होत नाही, वलय नाही: पाणी, मीठ, जिलेटिनची जात, याच क्रमाने.

वलय होतं पण थंड केल्यावर तेल सुटलं: जिलेटिन जास्त तापवलं होतं, नाहीतर ब्लूम कमी आहे.

पारदर्शक गोळे भरपूर आणि तेल वेगळंच तरंगतंय: साबण पडलाय. बीकर कशाने धुतला होता तेही आठवा, डिटर्जंट नीट निघाला नसेल तरी हेच होतं.

घड: पाणी कमी, थंड करायची घाई, किंवा ग्लुटराल्डिहाइड जास्त. कुठल्या टप्प्याच्या स्लाइडवर पहिल्यांदा घड दिसले ते वहीत असेल तर कारण शोधायला दोन मिनिटं लागतात, नसेल तर सगळी बॅच परत.

म्हणून प्रत्येक टप्प्याच्या स्लाइडचा मोबाइलने आयपीसमधून फोटो काढा, त्यावर वेळ, तापमान आणि पीएच लिहा. लागोपाठ तीन बॅचेस शेंगदाणा तेलावर सारख्या आल्या की मग संत्र्याच्या सालीचं तेल घ्या, ते उडणारं आहे त्यामुळे टप्पा ४ पासून बीकरवर झाकण लागेल, आणि एकूण तेल हेक्झेनऐवजी क्लेव्हेंजरवर (वाफेने तेल वेगळं करून मोजायचं काचेचं उपकरण) मोजावं लागेल.